सिएनाला दुसऱ्यांदा: पालिओच्या गर्दीत, की मे महिन्यातल्या रविवारी?

इटलीतलं सिएना पहिल्यांदा बहुतेक जण फ्लॉरेन्सहून एका दिवसात उरकतात. मीही तेच केलं होतं. बसने सव्वा तास, काम्पोचा चौक, कॅथेड्रल, आणि अंधार पडायच्या आत परत. दुसऱ्यांदा जायचं ठरलं की खरा प्रश्न पडतो: पालिओच्या दिवसांत जायचं, की ते दिवस टाळून?

पालिओ ही काम्पोच्या उतरत्या, शिंपल्यासारख्या चौकात होणारी घोड्यांची शर्यत. २ जुलै आणि १६ ऑगस्ट, वर्षातून दोनदा. शहरात १७ कोन्त्रादा आहेत. कोन्त्रादा म्हणजे पेठच, पण स्वतःचं चर्च, स्वतःचा झेंडा आणि पिढीजात वैर असलेली. त्यांतल्या १० पळतात. घोड्यांवर खोगीर नाही, तीन फेऱ्या, आणि सव्वा-दीड मिनिटात सगळं संपतं. स्वार पडला तरी घोडा पहिला आला की पेठ जिंकली.

ही शर्यत चौकाच्या मध्ये उभं राहून फुकट बघता येते. पण त्याची किंमत वेगळ्या रीतीने मोजावी लागते. दुपारीच आत शिरायचं, तासन् तास उन्हात उभं राहायचं, स्वच्छतागृह नाही आणि एकदा वाटा बंद झाल्या की बाहेर पडणं अवघड. त्यात सुरुवात लांबते. नऊ घोडे दोरांच्या मध्ये उभे राहतात आणि दहावा मागून धावत आत येतो तेव्हाच शर्यत सुटते. तो कधी यायचं हे त्याचा स्वार ठरवतो, आपल्या पेठेचा आणि तिच्या वैऱ्याचा हिशेब मनात ठेवून. पाऊस आला तर सगळंच पुढे ढकललं जातं. परतीचं तिकीट त्याच रात्रीचं असेल, तर हात हलवत परतावं लागतं. चौकातल्या सान मार्तिनोच्या वळणावर घोडे पडतात, जखमी होतात. ज्यांना हे बघवत नाही, त्यांनी जाऊच नये. कडेच्या लाकडी बाकांवरची जागा खूप महाग पडते.

आता दुसरी बाजू. मे-जूनमधल्या अनेक रविवारी कुठल्या ना कुठल्या पेठेचा आपल्या संताचा उत्सव असतो. जुन्या पोशाखातली मुलं ढोल वाजवत, रेशमी झेंडे हवेत उडवून झेलत मित्रपेठांना मान द्यायला शहरभर फिरतात. तिकीट नाही, रेटारेटी नाही. अरुंद गल्लीत भिंतीला पाठ टेकून उभं राहिलं की झेंड्याचं रेशीम डोक्यावरून सळसळत जातं आणि ढोल थेट छातीत घुमतो. गणपतीतल्या पथकांवर वाढलेल्या कानाला ते परकं वाटत नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर पेठेची चिन्हं दिसतात: गोगलगाय, साळिंदर, सुरवंट. तोर्रे पेठेच्या झेंड्यावर तर पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती आहे.

याच दिवसांत पालात्सो पुब्लिकोमध्ये, म्हणजे काम्पोवरच्या नगरभवनात, चित्रकार लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये रंगवलेल्या चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराच्या भिंतींपुढे निवांत उभं राहता येतं. कॅथेड्रलची संगमरवरी चित्रांची फरशी मात्र तेव्हा बरीचशी झाकलेली असते. ती उन्हाळ्यात आणि शरदाच्या सुरुवातीला उघडतात. तिच्यासाठी जायचं असेल तर सप्टेंबर धरा.

माझं मत स्पष्ट आहे. हाताशी एकच दिवस असेल तर पालिओला जाऊ नका. त्या एका दिवसात शहर दिसत नाही, गर्दी दिसते. मे महिन्यातला रविवार धरा आणि रात्री तिथेच मुक्काम करा. चार दिवस असतील तर मात्र पालिओच, आणि तोही पहिल्या सकाळपासून. मधल्या दिवसांत सहा सराव-शर्यती होतात. आदल्या रात्री पेठेच्या रस्त्यावर लांबच लांब टेबलं मांडून जेवण असतं. बऱ्याच पेठा बाहेरच्यांनाही त्याची तिकिटं देतात, पण आधी विचारून ठेवावं लागतं. शर्यतीच्या दुपारी घोड्याला पेठेच्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद देतात: जा, आणि जिंकून ये.

जुलैच्या पालिओसाठी २९ जूनच्या सकाळी चौकात हजर राहा. त्या दिवशी चिठ्ठ्या काढून घोडे वाटतात. चांगला घोडा वाट्याला आला की त्या पेठेची माणसं रडतात, एकमेकांना कवटाळतात आणि गाणी म्हणत घोड्याला मध्ये घेऊन तबेल्याकडे निघतात.