मेंदूतली ऊर्जा मोजायची कशी: फॉस्फरस एमआरएस की एफडीजी पेट?

पार्किन्सन्समध्ये (हातापायांना कंप आणणाऱ्या मेंदूच्या आजारात) मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांचं, बिनसतं, याचा पुरावा १९८९ मध्येच मिळाला होता. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत, सब्स्टॅन्शिया नायग्रात (या आजारात झिजणाऱ्या मेंदूच्या लहानशा भागात) कॉम्प्लेक्स-१ चं, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातल्या ऊर्जानिर्मितीच्या साखळीतल्या पहिल्या प्रथिनसमूहाचं, काम मंदावलेलं आढळलं. पण खरी गरज आहे ती जिवंत रुग्णात हे पाहण्याची.

फॉस्फरस एमआरएस (मॅग्नेटिक रेझोनन्स स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे चुंबकाच्या साहाय्याने फॉस्फरसयुक्त रेणू मोजणारी तपासणी) एमआरआयच्या यंत्रातच होते, पण फॉस्फरसचा संकेत टिपणारी वेगळी कॉइल आणि त्यासाठीची जादा यंत्रणा लागते. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. पडद्यावर शिखरांचा आलेख उमटतो: फॉस्फोक्रिएटिन (ऊर्जेचा राखीव साठा), अकार्बनी फॉस्फेट आणि एटीपीची (पेशी थेट वापरते त्या ऊर्जेच्या रेणूची) तीन शिखरं. एटीपीची पातळी पेशी शक्यतो ढळू देत नाही. आधी घसरतं ते फॉस्फोक्रिएटिन. म्हणून नजर फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपीच्या गुणोत्तरावर ठेवायची. अडचण एकच, पण मोठी: फॉस्फरसचा संकेत फार क्षीण. एका मापात मेंदूचा बराच मोठा तुकडा येतो आणि नायग्रासारखा चिमुकला भाग त्यात हरवून जातो. ७ टेस्लाच्या (जास्त ताकदीच्या चुंबकाच्या) यंत्रावर हे बरंच सुधारतं, पण अशी यंत्रं मोजकीच आहेत.

एफडीजी पेट (मेंदूचा कुठला भाग किती ग्लुकोज वापरतो ते दाखवणारं स्कॅन) अल्झायमरचा ठसा, म्हणजे ग्लुकोजचा वापर ठरावीक भागांत घटल्याची खूण, चांगला दाखवतं. मात्र त्यासाठी शिरेतून ग्लुकोजसारखं किरणोत्सारी द्रव्य (एफडीजी) द्यावं लागतं, आणि कळतं ते पेशींनी किती ग्लुकोज उचललं एवढंच. पुढे मायटोकॉन्ड्रियात त्याचं काय झालं, ते नाही. (थेट कॉम्प्लेक्स-१ ला चिकटणारे ट्रेसरही, म्हणजे स्कॅनमध्ये माग काढता येणारी किरणोत्सारी द्रव्यं, आहेत, पण ते अजून संशोधनापुरतेच.)

डिमेन्शियाचा प्रकार ओळखायचा असेल तर मी एफडीजीच निवडेन. मायटोकॉन्ड्रियावरच्या औषधाचा परिणाम पुन्हा पुन्हा तपासायचा असेल, तर मात्र एमआरएस. दर खेपेला रुग्णाला किरणोत्सर्ग देणं मला पटत नाही.