वेगासचा टाइमशेअर: 3,430 डॉलर गेले आणि वर हप्ता चालू

लास वेगासमध्ये हॉटेलच्या लॉबीत कुणी "फक्त दीड तास द्या, शोची तिकिटं फुकट" म्हणालं, तर पायसुद्धा थांबवू नका. टाइमशेअरचा, म्हणजे दरवर्षी ठरावीक दिवस रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क विकत घ्यायचा, हा प्रकार ऐकून सगळ्यांनाच माहीत असतो, मलाही होता. तरी माझे 3,430 डॉलर गेले. घरच्यांसमोर मान वर होत नाही, पण दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये म्हणून लिहितेय.

आम्ही जुगार खेळायला गेलोच नव्हतो. पुण्याहून सासू-सासरे आले होते, त्यांना नेवाडाचं वाळवंट दाखवायचं होतं. हायवे 93 ने उत्तरेला ईली, ग्रेट बेसिन नॅशनल पार्क, मग हायवे 50 ने युरेका, ऑस्टिन आणि टोनोपावरून परत. हायवे 50 ला लाइफ मासिकाने 1986 साली अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता म्हटलं होतं. ईली ते युरेका 77 मैल, पुढे ऑस्टिन 70 मैल, आणि बहुतेक वाटेत आमच्या फोनला रेंज नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण फसवणूक नेमकी इथेच बसवली होती.

शनिवारी सकाळी निघण्याआधी 'प्रेझेंटेशन' झालं. दीड तासाचे साडेचार तास झाले. बाबांना डायबेटिस आहे, त्यांची जेवणाची वेळ टळून गेली. आधी किंमत 31,000, मग कुणी 'मॅनेजर' आला आणि 18,900 वर आली. डाउन पेमेंट 2,835, कागदपत्रांचे 595. उरलेल्या 16,065 वर 17.9 टक्के व्याज, दहा वर्षं, महिना 288 डॉलर 43 सेंट. वर्षाचा मेंटेनन्स 1,140 वेगळा, तो सही झाल्यावर कळला. "वाचल्याशिवाय सही केलीच कशी?" असं विचारणाऱ्यांनी उपाशी म्हातारी माणसं शेजारी बसवून टॅबलेटवर सह्या करून बघाव्यात. कागदांचं बाड नंतर बंद फोल्डरमध्ये हातात दिलं.

त्याआधी त्या सेल्समनने आमचा पुढचा बेत विचारला होता. नवऱ्याने उत्साहाने सगळा रूट सांगितला, शुक्रवारी परत येतो हेही सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं. लिहून घेतलं! आम्ही कुठे मुक्काम करतो याच्याशी त्याला काय करायचं होतं? मग म्हणाला, "विचार बदलला तर मला नुसता फोन करा." त्या क्षणी उठायला हवं होतं.

नेवाडाच्या कायद्याप्रमाणे टाइमशेअरचा करार सहीनंतरच्या पाचव्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येतो, पण लेखीच. आमची मुदत गुरुवारी संपत होती. सोमवारी ईलीच्या मोटेलमधून मी फोन केला. "झालं समजा मॅडम, निश्चिंत फिरा," तो म्हणाला. ईलीत पोस्ट ऑफिस आहे. दोन ओळींचं पत्र सर्टिफाइड मेलने टाकून पावती घेतली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं, आणि त्याला ते पक्कं ठाऊक होतं. शुक्रवारी ऑफिसात उत्तर मिळालं: लेखी काही आलेलं नाही, मुदत संपली.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. कार्डाच्या बँकेने सही दाखवून तक्रार बंद केली. राज्याच्या ज्या कार्यालयाकडे दाद मागायची, तिथे आधी फॉर्म, मग तोच फॉर्म पुन्हा, मग "तोंडी आश्वासनाचा पुरावा द्या". मी फोनचं बिल पाठवलं, त्यात सोमवारचा कॉल आहे, वेळ आहे, नंबर आहे. त्यावर म्हणे, बोलणं काय झालं ते यातून कळत नाही. 1931 साली जुगार कायदेशीर करणारं हे राज्य. पंपावरच्या स्लॉट मशीनलाही परवाना लागतो, आणि माणसाला बंद खोलीत साडेचार तास बसवून खोटं बोलणाऱ्याला विचारणारं कुणी नाही!

सही झालीच असेल तर त्याच दिवशी रद्द केल्याचं पत्र टाका, फिरणं नंतर. करार क्रमांक लिहा, पावती जपा. आईवडिलांना त्या खोलीत नेऊच नका. आणि आता रोज "टाइमशेअरमधून सोडवतो, आधी 3,900 भरा" असे फोन येताहेत. त्यांच्याकडे माझी थकबाकी सेंटपर्यंत बरोबर आहे. त्यांना एक सेंटही देऊ नका.