एअर रायफलचे पेलेट (शिशाचे छर्रे) तोलायचा मिलिग्राम काटा, नऊ महिने वापरून (नागपूरचा उन्हाळा धरून)

आधी पाच स्टार दिले होते. मे महिन्यात रागारागात एकवर आणले. आता तीन करून राहिलो, आणि त्यातला एक स्टार खरं तर संत्रा बर्फीच्या डब्याचा आहे, ते पुढे सांगतो.

काट्याचं नाव विचारू नका, हे सगळे एकाच घाण्यातून निघाल्यासारखे दिसतात, वरचं स्टिकर फक्त वेगळं. २० ग्रॅमपर्यंतचा, १ मिलिग्राम दाखवणारा, निळ्या लाइटचा, सोबत २० ग्रॅमचं वजन, छोटी ताटली आणि स्टीलचा चिमटा. ऑक्टोबरमध्ये साडेतेराशेला पडला. ग्रॅम, कॅरेट, ग्रेन सगळं दाखवतो. जाहिरातीत फोटो रायफलच्या काडतुसांचा होता, मी तिथेच गळाला लागलो म्हणा ना.

बाहेरच्या देशात मोठ्या बोअरचे (जाड नळीच्या रायफलचे) शूटर आपली काडतुसं घरी स्वतः भरतात, बारूद ०.१ ग्रेनच्या हिशोबाने म्हणजे साधारण साडेसहा मिलिग्रामच्या फरकाने तोलतात, रिकाम्या केस (काडतुसाची धातूची नळकांडी) निवडतात, गोळी किती खोल बसवायची ते केसभर फरकाने बदलतात आणि प्रत्येक मापाचे चार-पाच राउंड मारून कशाला रायफल खूश होते ते बघतात. ते व्हिडिओ बघून बघून माझ्या हाताला खाज सुटली होती. आपल्याकडे लायसन्सशिवाय काडतूस भरलं तर शस्त्र कायद्याखाली आत जाल, आणि पॉइंट टूटूचं (.२२ बोअरचं छोटं काडतूस) तर घरी भरण्यासारखं नसतंच, त्याचा मसाला केसच्या कडेतच असतो, एकदा टोला बसला की केस भंगारात. स्वप्निल कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं ती ५० मीटरची इव्हेंट पॉइंट टूटूचीच, त्यात वरच्या लेव्हलचे लोक वेगवेगळ्या लॉटची (एका खेपेत बनलेल्या मालाची) काडतुसं आपल्या बॅरलमधून मारून बघतात आणि जमलेल्या लॉटचा साठा करून ठेवतात. मग दहा मीटर एअर रायफलवाल्याने काय करायचं? ना बारूद ना केस, हातात फक्त शिशाचा छर्रा. म्हटलं चला, छर्रे तोलू.

रायफल पोरीची. अकरावीत आहे, सेकंडहँड फाइनवेर्कबाऊ (जर्मन कंपनीची) आहे, ६० शॉटला ६१२-६१४ गुणांवर वर्षभर अडकली होती. कोच म्हणत होते होल्ड (रायफल स्थिर धरणं) सुधारा, ट्रिगर सुधारा. बाप म्हणत होता पेलेट सुधारा. बापाला होल्ड शिकवता येत नाही ना, बापाला पैसे खर्च करता येतात, तेही साडेतेराशेपर्यंतच.

पहिले तीन-चार महिने मजा आली, खोटं बोलत नाही. थंडीचे दिवस, रात्री जेवणं झाली की टेबलावर पेपर अंथरून बसायचं, टिनमधून एकेक पेलेट चिमट्याने उचलायचा, ताटलीत, आकडा, वाटीत. ५२९ मिलिग्रामची वाटी, ५३०-५३१ची वाटी, ५३३च्या वरची वाटी. बायको म्हणायची, "जेवायच्या टेबलावर शिसं घेऊन काय बसले तुम्ही?" आणि ते बरोबरच होतं म्हणून नंतर स्टडी टेबलवर गेलो. तुम्हीही हे करत असाल तर हात साबणाने धुवा, शिसं आहे ते, चणेफुटाणे नाही. तेव्हाच पाच स्टार दिले, "अचूक आणि स्वस्त" असं लिहून मोकळा झालो.

आता त्याचं झोपणं. हा काटा ६० सेकंद हात लागला नाही की बंद होतो. फोन आला, बंद. पेलेट खाली पडला, वाकून शोधला, बंद. परत चालू केला की ताटलीचं वजन शून्य करा, दोन सेकंद थांबा, मग पेलेट. टिनमध्ये ५०० पेलेट, एकाला दहा सेकंद धरले तरी सव्वा तासाच्या वर जातं, त्यात हा कुंभकर्ण आठ-दहा वेळा झोपणार. बॅटरी वाचवतो म्हणे. अरे बाप्पा, दोन ट्रिपल ए सेल, चाळीस रुपयांचे, माझ्या टाइमाची काही किंमत आहे की नाही! सेटिंगमध्ये हे बंद करायची सोय नाही, मॅन्युअल तीनदा वाचलं, चिनी भाषेतला भाग भिंगाने बघितला. नऊ महिन्यांत या एका गोष्टीवर जितका चिडलो तितका एमएसईबीवर पण नाही चिडलो.

मग एप्रिल आला. नागपूरचा एप्रिल काय सांगू, ज्याने बघितला त्याला माहीत आहे. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलल्या, कूलर खिडकीत, स्टडी टेबल त्याच्या समोर, आणि माझे पेलेट अचानक खराब यायला लागले. नवा टिन, नामांकित मॅच (स्पर्धेचे) पेलेट, आणि वजनं ५२४ ते ५४१. म्हटलं कंपनीने माल उतरवला. दुकानदाराला फोन करून झाडला, तो बिचारा म्हणे भाऊ तोच माल आहे. मे महिन्यात एकदा सहज एकच पेलेट दहा वेळा ठेवून बघितला. ५२९, ५३३, ५३१, ५३८, ५२७... एकच पेलेट! पंखा बंद, कूलर बंद, घाम गाळत परत बघितलं, ५३०, ५३१, ५३०. दहा मिनिटांनी तोच ५३४. हवा तर होतीच, पण खोली तापत गेली तसा आकडा पण सरकत होता.

वॉरंटी एक वर्षाची आहे म्हणून कस्टमर केअरला फोन लावला. मॅडम म्हणाल्या खोलीचं तापमान २० ते २५ ठेवा, हवा नको, टेबल हलायला नको. मी म्हटलं मॅडम, मे महिन्यात नागपुरात कित्येक रात्री पारा तीसच्या खाली येत नाही आणि कूलर बंद करून कोणी वजन करत बसला तर वजन पेलेटचं नाही माणसाचं कमी होईल. त्यांनी व्हिडिओ मागितला. पाठवला. दुसऱ्या माणसाचा मेल आला की कॅलिब्रेशन करा. केलं. तिसऱ्याने विचारलं वापर कशासाठी, मी लिहिलं पेलेट, त्याने लिहिलं हे ज्वेलरी प्रॉडक्ट आहे. अहो, तुमच्याच जाहिरातीत काडतुसांचा फोटो! असे बारा मेल झाले आणि प्रत्येक मेलच्या शेवटी मी ऑटो-ऑफचं पण विचारत होतो, त्याचं उत्तर आजपर्यंत कोणी दिलं नाही.

मग एक दिवस इतवारीत सराफ्यात गेलो, बायकोची साखळी जोडायला द्यायची होती, काटा पिशवीत टाकून नेला. ओळखीचे सोनार आहेत. त्यांचा काटा काचेच्या पेटीत, वैधमापनवाल्यांचा शिक्का लावलेला. त्यांनी माझं २० ग्रॅमचं वजन ठेवलं, १९.९९ आलं. मग माझा काटा हातात घेऊन हसले, "भाऊ, आम्ही हवा लागू नये म्हणून पेटीत ठेवतो, तुम्ही कूलरच्या तोंडाशी ठेवला. सोनं तोलून राहिले की हवा?" घरी येऊन फ्रिजवर पडलेला संत्रा बर्फीचा पारदर्शक डबा घेतला, बाजूने हात जाईल एवढं भोक पाडलं आणि काट्यावर उलटा ठेवला. आकड्यांचं नाचणं निम्म्याने कमी. एक स्टार डब्याला तो असा.

पण खरा झटका काट्याने नाही दिला, पोरीने दिला.

जूनच्या सुरुवातीला, शाळा-कॉलेज बंद, मी ठरवलं आता एकदाचं सिद्ध करून दाखवायचं. हिंगण्याच्या एमआयडीसीत मित्राचं वर्कशॉप आहे, त्याच्याकडून रबर लावलेला व्हाइस (पकडून ठेवायचा शिकंजा) बनवून आणला, रेंजवर सकाळी सहाला गेलो, रायफल व्हाइसमध्ये आवळली, म्हणजे पोरीचा होल्ड, श्वास, मूड सगळं बाजूला, फक्त बॅरल आणि पेलेट. तोललेले पेलेट दहा-दहाचे पाच ग्रुप (एका जागी मारलेल्या भोकांचा पुंजका), न तोललेले, तिनेच सरळ टिनमधून घेतलेले, दहा-दहाचे पाच ग्रुप, तोच लॉट. कागदावरचा ग्रुप व्हर्निअरने बाहेरून बाहेरून मोजायचा, पेलेटचं भोक साडेचार मिलिमीटर असतंच, त्यामुळे सहाच्या आत आला की आनंद.

न तोललेले सरासरी ६.२. माझे तोललेले ६.९. आणि त्यात दोन फ्लायर (भलतीकडे गेलेले शॉट) असे की रंगच उडाला.

मी म्हटलं व्हाइस सैल झाला असेल. परत आवळला. परत तेच. पोरगी एक पेलेट बोटावर धरून उन्हात बघत होती, म्हणाली, "बाबा, याचा स्कर्ट चेपला आहे." बघितलं तर खरंच, मागची पातळ कड एका बाजूने आत गेलेली. माझ्या वाट्यांमधले बघितले, शंभरात सात-आठ असे. टिनमधून सरळ काढलेल्या शंभरात एक. कोणी चेपले? मीच. स्टीलच्या चिमट्याने रात्री अकराला डोळे चोळत उचलून, स्टीलच्या वाटीत टपकन टाकून, वाटीतून वाटीत ओतून. चार महिने टेबलावर बसून मी पोरीच्या पेलेटची वाट लावून राहिलो होतो आणि वर पाच स्टार देत होतो.

ती एवढंच म्हणाली, "जाऊ द्या, होते असं." चिडली असती तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री पाटी काढून हिशोब केला, जो आधी करायला हवा होता. पेलेट ०.५३ ग्रॅमचा, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास, म्हणजे दहा मीटर जायला ०.०६ सेकंदाहून थोडा कमी वेळ, तेवढ्यात तो सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. वजन ५ मिलिग्रामने जास्त म्हणजे एक टक्का, रायफल ऊर्जा तेवढीच देते असं धरलं तर पडणं पण एक टक्क्याने वाढेल, म्हणजे ०.१७ मिलिमीटर. दहा मीटरच्या टार्गेटवर दशांश एक गुण म्हणजे पाव मिलिमीटर. २००८ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने शेवटचा शॉट १०.८ मारला होता, १०.८ आणि १०.९ मधलं अंतर तेवढं. मी ज्या ५ मिलिग्रामसाठी डोळे फोडून राहिलो होतो त्याने एक दशांश पण पुरता हलत नव्हता. चांगल्या टिनमध्ये फरक असतोच पाच-सहा मिलिग्रामचा आणि या काट्याची स्वतःची चूक दोन-तीनची, म्हणजे मोजायचं ते आणि मोजणारा दोघं एकाच उंचीचे. सहाशे मीटरवर मारणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, त्यांचा बारूद आणि माझा छर्रा एका ताटलीत ठेवायला नको होता.

मग वजन सोडून बाकी बघितलं. एक, पेलेट जुन्या फोटो फ्रेमच्या काचेवर थोडा उतार देऊन घरंगळत सोडायचा, डोकं आणि स्कर्ट सारखे असलेले सगळे एकाच वळणाने जातात, चेपलेला वेडावाकडा फिरतो, फुकट, वीस मिनिटांत टिन होतो, आणि काच झोपत नाही. दोन, हेड साइज, म्हणजे पेलेटच्या डोक्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आपल्या रायफलला ४.५० पेक्षा ४.४९ बरा बसतो असं व्हाइसवर निघालं, दुसऱ्या रायफलला उलटं निघेल, आंधळेपणाने कोणाचं ऐकू नका, माझंही. तीन, लॉट. त्याच कंपनीचे, त्याच हेड साइजचे, तीन वेगळ्या लॉटचे टिन मारले, एक ५.७ वर आला आणि एक ६.६ वर. इथे फरक होता बाप्पा, आणि मी कुठे शोधत होतो.

पोरगी मागच्या आठवड्यात ६१७ मारून आली. त्याचं श्रेय लॉटला की कोचने बदललेल्या बट प्लेटला (रायफलचा खांद्याला टेकणारा भाग), माहीत नाही, ती म्हणते झोप नीट झाली म्हणून.

तर काट्याबद्दल. अजून टिन उघडला की वीस-पंचवीस पेलेट डब्याखाली ठेवून बघतो, कधी एखादा दहा-बारा मिलिग्रामने हलका निघतो, आत पोकळी असलेला, तो बाजूला. एवढ्यापुरता कामाचा आहे. स्टीलचा चिमटा फेकला, प्लास्टिकचा आणला, वीस रुपये. वाटीत आता जुन्या फडक्याचा तुकडा असतो. बायकोने मधे केशर तोलून बघितलं, दुकानदाराने एक ग्रॅम म्हणून दिलेलं ०.९४ निघालं, ती जाऊन भांडून आली, त्यासाठी अर्धा स्टार वाढवायची सोय नाही म्हणून तीनच ठेवले. घ्यायचाच असेल तर उन्हाळ्यात घेऊ नका, कूलरसमोर ठेवू नका, आणि घेण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारा की ऑटो-ऑफ बंद होतो का. माझ्यासारखे बारा मेल करू नका.

अडचण आता वेगळीच आहे. तो ५.७वाला लॉट दुकानात संपला, माझ्याकडे अडीच टिन उरलेत, डिस्ट्रिक्टच्या स्पर्धेपर्यंत पुरतील, पुढे नाही. कोणाकडे त्याच लॉटचे टिन पडून असतील तर मेसेज करा, नंबर सांगतो, पैसे रोख देतो आणि वर हा काटा फुकट देतो, बर्फीच्या डब्यासकट.