मागच्या इंजिनाचं झाकण सहज उतरवायचं: बोल्ट आणि डॉवेल, ओढायची पिन की बिजागरीविना?

एअर-कूल्ड पोर्शे ९११ असो की फोक्सवॅगन बीटल, इंजिन मागे असलेल्या जुन्या गाडीचं मोठं काम निघालं की मागचं झाकण उतरवावंच लागतं. कार्ब्युरेटर जुळवायचे असोत, इंजिनवरचे पत्रे काढायचे असोत किंवा इंजिनच खाली घ्यायचं असो, झाकण जागेवर असलं की हात अडतो आणि रंगाला ओरखडे जातात. मूळ रचनेत हे झाकण दोन बिजागऱ्यांवर बोल्टनं धरलेलं असतं. गॅप, म्हणजे झाकण आणि बॉडी यांच्यातली फट, जुळवता यावा म्हणून बोल्टांची भोकं लांबट ठेवलेली असतात. कारखान्यात ही सोय उपयोगी पडते, पण पुढे तीच नडते, कारण बोल्ट ढिले केले की तासभर खपून जुळवलेला गॅप गेला.

यावर तीन उपाय प्रचलित आहेत. पहिला, बोल्ट तसेच ठेवून जागा पक्की करणारी डॉवेल पिन घालायची. दुसरा, बिजागरीची पिनच हातानं ओढून निघेल अशी करायची. तिसरा, बिजागरी काढून टाकून झाकण कडेच्या जिभांवर आणि क्वार्टर-टर्न फास्टनरवर (पाव फेरा दिला की लागणाऱ्या-सुटणाऱ्या स्क्रूवर) बसवायचं. निवडताना झाकण किती सेकंदांत निघतं हे आधी बघू नका. ते परत त्याच जागी बसतं का, हे बघा. झाकण जागेवर आणणं आणि आवळून धरणं ही दोन वेगळी कामं आहेत. मूळ रचनेत दोन्ही कामं बोल्टवरच टाकलेली आहेत, सगळा घोळ तिथूनच होतो.

बोल्ट आणि डॉवेल

रस्त्यावर चालणाऱ्या, मूळ पत्रा शाबूत असलेल्या गाडीसाठी आमची पसंती यालाच आहे. वरून काही दिसत नाही, खर्च किरकोळ येतो आणि नवीन सुटा भाग लागतच नाही म्हटलं तरी चालेल.

आधी कडांना मास्किंग टेप लावा आणि दोन्ही बाजूंचा गॅप सारखा करून बोल्ट आवळा. ८.८ ग्रेडचा एम६ बोल्ट असेल तर ९ ते १० न्यूटन-मीटर, एम८ असेल तर २२ ते २५. पत्र्याला वेल्ड केलेल्या जुन्या नटात यापुढे जाऊ नका. आटे गेलेच असतील तर मोठा बोल्ट ठोकत बसू नका, त्याच मापाची हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून घ्या. मग गाडी दोन-चार दिवस चालवा, पुण्याजवळचा कात्रजचा घाट करून या आणि गॅप पुन्हा मोजा. तो हलला नसेल तरच ड्रिल हातात घ्या.

बिजागरीचं पान झाकणाला लागलेलं असतानाच त्यातून आरपार ३.८ मिमीचं भोक पाडा आणि ४ मिमीच्या रीमरनं (भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्यारानं) साफ करा. इथे एक धोका आहे. आतल्या मजबुतीच्या पत्र्यामागे थोड्याच अंतरावर झाकणाची बाहेरची कातडी असते. ड्रिल तिला नुसतं टेकलं तरी रंगात उंचवटा उठतो आणि मग पेंटरकडे जाण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून ड्रिलवर स्टॉप कॉलर, म्हणजे ठरल्या खोलीपुढे जाऊ न देणारी कडी, हवाच. पानाची जाडी अधिक आतल्या पत्र्याची जाडी, त्यावर फार तर १ मिमी, एवढंच टोक कॉलरबाहेर ठेवा.

डॉवेल बिजागरीच्या बाजूला पक्की करा, टोकाला थोडा उतार द्या म्हणजे झाकण आपसूक तिच्यावर सरकतं. उजव्या बिजागरीवर गोल भोक पुरतं. डावीकडचं भोक मात्र गाडीच्या रुंदीच्या दिशेनं ४ बाय ५ मिमी असं लांबट करा. दोन्हीकडे घट्ट गोल भोकं ठेवली तर रंगाचा एखादा थर वाढल्यावर किंवा उन्हात पत्रा तापून पसरल्यावर झाकण डॉवेलवर चढतच नाही, आणि मग कुणीतरी हातोडी शोधायला लागतो.

एवढं झालं की दोन माणसं आणि एक पाना, दहा मिनिटांत झाकण खाली. बसवताना बोल्ट आवळायचे, बस. गॅप बघायची गरज राहत नाही.

ओढायची पिन

वर्षातून बऱ्याच वेळा झाकण उतरवणाऱ्यांना पान्याचाही कंटाळा येतो. त्यांच्यासाठी बिजागरीची ठोकलेली पिन काढून तिथे ६ मिमीची स्टेनलेस बॉल-लॉक पिन घालतात. बटण दाबलं की टोकाच्या गोळ्या आत जातात, पिन निघते. दोन मिनिटांचं काम, पण माणसं तरीही दोनच लागतात.

मूळ बिजागऱ्यांना हात लावू नका. दुसरी जोडी मिळवा किंवा तशीच बनवून घ्या. भोसरीत लेझर कटिंग आणि लेथचं काम शेजारी-शेजारीच होतं. लेथवाल्याला नुसतं 'सहाचं भोक' सांगितलं तर तो ड्रिल मारून मोकळा होईल आणि भोक नक्कीच मोठं व गोलाईत वेडंवाकडं येईल. गनमेटलचा बुश (भोकात बसणारी नळी) दाबून बसवा आणि तो बसवल्यानंतर ६ मिमीच्या रीमरनं आतून साफ करा, असं स्पष्ट सांगा. बुश दाबताना आतलं भोक थोडं आवळतं, म्हणून आधी रीम करून उपयोग नाही. पिनची पकड-लांबी बिजागरीच्या एकूण जाडीपेक्षा अर्धा ते एक मिमी जास्त घ्या. त्याहून सैल असेल तर आयडलिंगला खडखड ऐकू येते आणि वर्षभरात भोक अंडाकृती होतं. साधी पिन आणि तिला अडकवायची तारेची आर-क्लिप स्वस्त पडते, नाना पेठेत हवी तेवढी मिळते, पण ती मुळातच सैल बसते. झाकणासाठी आम्ही ती घेणार नाही.

ऑर्डर देण्याआधी आणखी एक माप घ्या. पिन बाहेर ओढायला तिच्या लांबीइतकी मोकळी जागा बाजूला हवी, वर बोटांसाठी थोडी. ९११ मध्ये बिजागरी कोपऱ्यात दडलेली असते, तिथे चुकीच्या दिशेनं घातलेली पिन नंतर निघतच नाही.

खरा धोका मात्र वेगळाच आहे. ९११ चा कूलिंग फॅन झाकणाखालीच असतो. हातातून सुटलेली पिन किंवा क्लिप फॅनमध्ये गेली आणि लक्षात न येता इंजिन चालू झालं, तर पाती तुटतात. म्हणून प्रत्येक पिन १.५ मिमीच्या स्टील दोरीनं बिजागरीला बांधलेली हवी, आणि काम करताना फॅनच्या तोंडावर भडक रंगाचा कपडा. भडक अशासाठी की काढायचा विसरू नये.

उतरवण्याचा क्रमही पाळावा लागतो. आधी वायर, मग गॅस स्ट्रट (झाकण उचलून धरणारी गॅसची दांडी), शेवटी पिन. स्ट्रट लागलेला असताना पिन ओढली तर झाकण उसळून मागच्या काचेवर आदळतं. बीटलमध्ये स्ट्रटऐवजी बिजागरीवरच स्प्रिंग असते. झाकण पूर्ण उघडं असताना तिच्यावरचा ताण सगळ्यांत कमी असला तरी संपत नाही, आणि पिन निघाली की तो ताण बोटांवर येतो. बीटलसाठी हा मार्ग सोडा, डॉवेलच बरी.

बिजागरीविना

शर्यतीच्या गाड्यांवर दिसणारी ही पद्धत. पुढच्या कडेला २ मिमी पत्र्याच्या दोन जिभा बॉडीच्या कडेखाली २० मिमी आत सरकतात, मागे दोन क्वार्टर-टर्न किंवा पत्र्यात सपाट बसणारे लॅच. एक माणूस अर्ध्या मिनिटात झाकण उचलून बाजूला ठेवतो. झाकण फायबरचं असेल तर वजनही घटतं.

पण रोजच्या वापरात त्याचा जाच होतो. ९११ ड्राय-संप आहे, म्हणजे तेल इंजिनाखाली न राहता वेगळ्या टाकीत असतं. तिचं तेल इंजिन गरम आणि चालू असताना, सपाट जागेवर बघायचं असतं, आणि बहुतेक वर्षांच्या मॉडेलांत डिपस्टिक इंजिन-बेमध्येच आहे. म्हणजे पेट्रोलपंपावर दर वेळी अख्खं झाकण हातात. ते ठेवायचं कुठे? फरशीवर ठेवलं की कड झडते.

हवेचा हिशेबही करून बघा. ताशी १०० किलोमीटरला पुण्याच्या उंचीवर हवेचा गतिज दाब साधारण ४३० पास्कल, म्हणजे चौरस मीटरला ४३० न्यूटन होतो. उतरत्या पाठीवर हवा झाकणाला वर ओढते. अर्ध्या चौरस मीटरच्या झाकणावर या दाबाचा निम्माच ओढा धरला तरी ११ किलोच्या आसपास बळ लागतं, आणि वेग वाढला की ते वर्गाच्या प्रमाणात वाढतं. मूळ बिजागरी पुढच्या कडेला असल्यानं मागचं कुलूप सुटलं तरी समोरून येणारी हवा झाकण पूर्ण उघडू देत नाही. जिभांवर बसलेलं झाकण मात्र दोन सेंटिमीटर मागे सरकलं की थेट मागच्या गाडीच्या काचेवर. म्हणून इथे रबरी पट्टे नकोतच. पट्टा ताणला जातो, झाकणाला मागे सरकू देतो, आणि उन्हापावसात दोन-तीन वर्षांत चिरतो. क्वार्टर-टर्न किंवा सपाट लॅच पुढे-मागेही धरून ठेवतात. खाली ४० बाय ६० मिमीचा २ मिमी जाड आधारपत्रा द्या, फायबरमध्ये तर नक्कीच. मूळ कुलूप शक्य असेल तर तसंच राहू द्या, नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणीही तुमचं इंजिन उघडू शकतं.

फायबरच्या झाकणाला मूळ गॅस स्ट्रट लावू नका. तो लोखंडी झाकणाच्या वजनासाठी असतो आणि हलकं झाकण मधून वाकवतो. साधी टेकू-दांडी पुरते. रेझिन अग्निरोधक प्रतीचं मागा, नेहमीचं पॉलिएस्टर रेझिन भडकून जळतं.

सपाट लॅचसाठी बाहेरचा पत्रा कापावा लागतो. मूळ लोखंडी झाकणावर हे करू नये, असं आमचं ठाम मत आहे. गाडी ट्रेलरवर घालून चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर नेणार असाल तर दुसरं झाकण बनवा आणि हवे ते प्रयोग त्यावर करा.

तिन्हींना लागू

बीडिंग, म्हणजे झाकणाच्या कडेचं रबरी सील. ९११ चा फॅन झाकणाच्या जाळीतून हवा घेतो, बीटलचा मागच्या काचेखालच्या फटींमधून. दोन्हींत इंजिनाखालची तापलेली हवा वर येऊ नये म्हणून सीलं आणि पत्रे असतात. झाकण नीट न बसता कुठे उचललेलं राहिलं, किंवा पुढे-मागे करण्याच्या सोयीसाठी कुणी सीलच काढून टाकलं, तर गरम हवा पुन्हा फॅनमध्ये शिरण्याची वाट मोकळी होते. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकलेला असताना सिंहगड रोडच्या गर्दीत हे परवडणारं नाही. बीडिंग सगळीकडे सारखंच दबतंय ना, हे कागदाची पट्टी अडकवून ओढून बघा. एके ठिकाणी पट्टी सुळकन निघाली की तिथे वायसर घालून उंची जुळवा.

वायर. बीटलच्या झाकणावर नंबरप्लेट आणि तिचा दिवा असतो. वायर एकच, अर्थिंग झाकणाच्या पत्र्यातून. बिजागरीला रंग लागला किंवा नायलॉनचा बुश आला की अर्थ तुटतो आणि दिवा मिणमिणतो. वेगळी अर्थ वायर ओढा आणि दोन पिनांचा वॉटरप्रूफ कनेक्टर लावा. पुण्याच्या तपकीर गल्लीत फेरी मारलीत की मिळेल. झाकण काढून गाडी 'फक्त गॅरेजपर्यंत' न्यायची असेल तरी मागची प्लेट झाकणाबरोबर घरीच राहते, हे ध्यानात ठेवा.

गंज. पुण्याच्या चार महिन्यांच्या पावसात नव्या भोकाची उघडी कड पहिल्याच हंगामात तांबूस होते. भोक पाडल्या दिवशीच झिंक प्रायमर लावा. झाकण अॅल्युमिनियमचं असेल तर स्टेनलेस पिनभोवती नायलॉनचा बुश हवा, नाहीतर ओलाव्यात दोन धातूंच्या संपर्कातून अॅल्युमिनियम पांढरं पडून खात जातं.

आणि कागदपत्रं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची विंटेज नोंदणी करता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००, मुदत दहा वर्षं. त्यासाठी चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा ही अट आहे. बोल्टनं लागणारी आणि बोल्टनंच निघणारी सुधारणा तपासणीच्या आदल्या दिवशी मूळ रूपात नेता येते. बॉडीच्या कडेला जिभांसाठी वेल्ड केलेले कप्पे नेता येत नाहीत. विंटेज गाड्यांना मिळणारी व्हीए मालिकेची प्लेट घ्यायचा विचार असेल तर तिसरा मार्ग इथेच बाद होतो.

गाडी बीटल असेल, किंवा ९११ मूळ रंगापत्र्यात असेल, तर डॉवेल. ९११ वर सतत काम चालू असेल आणि सुटी बिजागरी-जोडी हाताशी असेल, तर बॉल-लॉक पिन, दोरीसकट. काढलेल्या मूळ बिजागऱ्यांना ग्रीस लावा, डावी-उजवी चिठ्ठी बांधा आणि त्यांच्याच बोल्टांसह एका पिशवीत ठेवा. गाडी विकताना घेणारा त्या आधी विचारतो.