डबल डोअर फ्रिज : सात वर्षांच्या वापरानंतर

नाशिकच्या इंदिरानगरमधील आमच्या घरात वर फ्रीझर आणि खाली मुख्य कप्पा अशा रचनेचा २६० लिटरचा फ्रॉस्ट फ्री, म्हणजे जमलेला बर्फ आपोआप वितळवणारा, फ्रिज गेली सात वर्षे आहे. घरात आम्ही चार माणसे, त्यांत आई सत्तरीच्या पुढची. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या बहुतेक अडचणी या रचनेच्याच आहेत आणि नात्यातल्या, शेजारच्या घरांतून वेगवेगळ्या कंपन्यांच्या फ्रिजबाबतही मी त्याच ऐकल्या आहेत. नवा फ्रिज घेताना दुकानात आपण लिटर, रंग, स्टार आणि किंमत पाहतो, पण रोजच्या वापरात कोणता कप्पा कोणत्या उंचीवर येणार याचा विचार करत नाही. मीही केला नव्हता.

सर्वांत मोठा दोष मला हाच वाटतो. उभ्याने हात सहज जाईल आणि नजरेसमोर येईल ती उंची या फ्रिजमध्ये फ्रीझरला मिळते. आमच्यासारख्या शाकाहारी घरात फ्रीझर दिवसातून फार तर एकदोनदा उघडतो. हिवाळ्यात सोललेला मटार, उन्हाळ्यानंतर डब्यांत भरून ठेवलेला आमरस आणि बर्फ, एवढाच त्याचा उपयोग. दूध, दही, कणीक, उरलेली आमटी आणि भाज्या यांसाठी मात्र दिवसातून पंचवीस वेळा खालचे दार उघडावे लागते, आणि भाजीचा ट्रे तर अगदी जमिनीलगत असतो. आईचे गुडघे दुखू लागल्यापासून ती एक हात ओट्यावर टेकवते, दुसऱ्या हाताने ट्रे ओढते, तो अर्ध्यात अडकला की थांबते, आणि मग आतून मला हाक येते, “अगं, तेवढी मेथीची जुडी काढून दे गं.” ट्रे पूर्ण बाहेर यायला दार नव्वद अंशांपेक्षा जास्त उघडावे लागते. आमच्या स्वयंपाकघरात फ्रिज भिंतीला लागून कोपऱ्यात असल्यामुळे ते तेवढे उघडत नाही, आणि मागे राहिलेली कोथिंबीर काळी पडल्यावरच सापडते.

दुसरा दोष थंडावा निर्माण होण्याच्या पद्धतीत आहे. या प्रकारच्या बहुतेक फ्रिजमध्ये थंड होणारी कॉइल एकच असते आणि ती फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड बसवलेली असते. एक छोटा पंखा तेथील थंड हवा फ्रीझरमध्ये फिरवतो आणि तिचाच काही भाग झरोक्यातून खालच्या कप्प्यात सोडतो. म्हणजे वर उणे १८ अंश आणि खाली तीन-चार अंश, अशा दोन वेगळ्या गरजा एकाच हवेतून भागवायच्या असतात. हवेतील बाष्प कॉइलवर गोठून जात असल्याने खाली येणारी हवा कोरडी असते. उघडी ठेवलेली पोळी तासाभरात कडक होते, कागदात न गुंडाळलेली मेथी दोन दिवसांत मलूल होते, आणि फेब्रुवारीत गंगापूर रोडवरून हौसेने आणलेल्या द्राक्षांचे देठ झाकणाच्या डब्यात न ठेवल्यास तपकिरी होऊन सुकतात. हवा दोन्ही कप्प्यांत फिरत असल्यामुळे वासही फिरतो. चिरलेल्या कांद्याची वाटी खाली उघडी राहिली, तर दुसऱ्या दिवशी सरबतातल्या बर्फाला कांद्याची चव लागते. झरोक्यासमोर ठेवलेली दुधाची पिशवी गोठते, आणि त्याच वेळी दारातल्या बाटलीतील पाणी जेमतेम गार असते.

येथे बटणांविषयी सांगितले पाहिजे, कारण बहुतेक घरांत उन्हाळ्यात हीच चूक होते. आमच्यासारख्या अनेक मॉडेलांत फ्रीझरमधले बटण थंडावा वाढवत नाही, ते फक्त हवेची वाट कमीजास्त उघडते. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की आपण ते शेवटच्या आकड्यावर नेतो. त्यामुळे हवा वरच अडून राहते आणि खालचे दूध नासते. उन्हाळ्यात ते बटण मध्यावर ठेवून खालच्या कप्प्यातील बटण वाढवायला हवे.

चौथ्या वर्षी, मे महिन्यात, खरी परीक्षा झाली. फ्रीझरमध्ये बर्फ दगडासारखा घट्ट होता, पण खालचे दही संध्याकाळपर्यंत आंबट होऊ लागले. पहिल्या मेकॅनिकने फ्रिज न उघडताच गॅस गेल्याचे सांगून मोठा खर्च ऐकवला. मला ते पटले नाही, कारण गॅस गेला असता तर वरचा बर्फही विरघळायला हवा होता. ओळखीतून आलेल्या दुसऱ्या मेकॅनिकने फ्रीझर रिकामा करायला लावला, चार स्क्रू काढून मागचे पॅनेल ओढले आणि मला जवळ बोलावले. कॉइल दिसतच नव्हती. तिच्या जागी पांढऱ्या बर्फाची एक सलग लादी होती आणि पंख्याची पाती तिच्या कडेला घासत होती. चार-पाच दिवसांपासून येत असलेला खरखर आवाज तोच होता. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये कॉइलवर जमणारा बर्फ ठरावीक वेळाने एक हीटर वितळवतो. आमचा हीटर जळाला होता, त्यामुळे बर्फ साचत गेला आणि खाली जाणारी हवाच बंद झाली. हीटर बदलल्यावर फ्रिज पूर्ववत झाला, आणि खर्च गॅसच्या अंदाजाच्या निम्माही आला नाही.

वर घट्ट बर्फ आणि खाली उष्ण, हे लक्षण प्रत्येकाने ध्यानात ठेवावे असे मला कळकळीने वाटते. अशा वेळी प्लग काढून, दोन्ही दारे उघडी ठेवून फ्रिज पूर्ण एक दिवस बंद ठेवावा. त्यानंतर तो काही दिवस नीट चालून पुन्हा तसाच झाला, तर दोष बहुधा बर्फ वितळवणाऱ्या यंत्रणेत असतो. गॅस खरोखरच भरावा लागला, तर मागच्या लेबलवर कोणता गॅस लिहिला आहे ते मेकॅनिकला आधी वाचायला लावावे. नव्या फ्रिजांत सर्रास वापरला जाणारा आर-६००ए हा ज्वालाग्राही असतो आणि ते काम जाणकारानेच करावे.

भाजीच्या ट्रेखाली साचणारे पाणी ही याच रचनेची आणखी एक नेहमीची तक्रार आहे. वितळलेले पाणी कॉइलखालच्या छिद्रातून नळीवाटे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये उतरते आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने तेथेच सुकते. छिद्र बुजले की ते पाणी फ्रीझरच्या तळाशी गोठते किंवा हवेच्या वाटेने खाली झिरपते. आमच्याकडे गेल्या श्रावणात असे झाले, तेव्हा आधी मी आईने बाटली सांडली असे समजून तिलाच बोलले, याचे मला अजून वाईट वाटते.

नाशिकच्या थंडीत उलटाच त्रास होतो. निफाडचा पारा बातम्यांत येतो त्या दिवसांत आमचे स्वयंपाकघरही पहाटे चांगलेच गारठते. तापमान मोजणारा सेन्सर खालच्या कप्प्यात असेल, तर त्याला तेथे पुरेसा गारवा वाटतो, कॉम्प्रेसर कमी वेळ चालतो आणि वर साठवलेला मटार मऊ पडतो. जानेवारीत खालचे बटण कमी न करता आहे तेथेच ठेवावे, हे आम्ही दोन वर्षे मटार वाया घालवून शिकलो.

दाराच्या रबराची घडी पाचव्या वर्षी सैल झाली आणि ते बदलले. त्यात विशेष काही नाही.

एवढे असूनही या प्रकारच्या जमेच्या बाजू मी नाकारत नाही. खाली फ्रीझर असलेल्या त्याच मापाच्या फ्रिजपेक्षा हा बराच स्वस्त पडतो, मॉडेले भरपूर मिळतात आणि सुटे भाग सहज मिळतात. भरपूर बर्फ, मासे किंवा आइस्क्रीम लागणाऱ्या, तरुण माणसांच्या घरात वरचा फ्रीझर सोयीचाच ठरेल. वॉरंटीचे कार्ड मात्र नीट वाचावे. दहा वर्षांचा मोठा आकडा सहसा फक्त कॉम्प्रेसरचा असतो, आणि आमच्याकडे सात वर्षांत बिघडलेला एकही भाग त्यात बसला नाही.

आता आम्ही खाली फ्रीझर असलेला फ्रिज घेणार आहोत. गेल्या आठवड्यात महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानात आईला सोबत नेले. विक्रेत्याने इन्व्हर्टर आणि स्टारची माहिती पूर्ण सांगितल्यावर मी त्याला फ्रिज भिंतीपाशी सरकवायला लावला आणि आईला भाजीचा ट्रे ओढायला सांगितला. तो तिच्या कमरेच्या उंचीवर होता, आणि तिने तो दोन्ही हातांनी, कशालाही न टेकता, पूर्ण बाहेर काढला.