मिरज, कराड, सांगली की कोल्हापूर? तालुक्याच्या रुग्णालयानं संशोधनासाठी कुणाशी करार करावा

तालुक्याच्या गावी वीस-तीस खाटांचं रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरांकडे मोठ्या महाविद्यालयाकडे नसलेली एक गोष्ट असते: तेच रुग्ण, वर्षानुवर्षं. सासूची साखर इथेच तपासली जाते, सुनेचं बाळंतपण इथेच झालेलं असतं आणि नातवाचा केसपेपरही याच कपाटात असतो. या माहितीवर नीट अभ्यास व्हावा असं वाटलं, की विद्यापीठाची साथ लागते. सांगली-सातारा पट्ट्यात पर्याय बरे आहेत. पण नावावरून निवड करण्यात अर्थ नाही. तुमच्या प्रश्नाचं वेळापत्रक काय आणि माहिती कुणाच्या कपाटात राहणार, या दोन गोष्टी आधी ठरवा. मग बहुतेक वेळा एकच पर्याय उरतो.

समोर चार दारं आहेत. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1962 चं. सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय त्याला जोडलेलं आहे आणि पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. साताऱ्याचं शासकीय महाविद्यालयही याच वाटेवरचं, पण अजून नवं. दुसरं दार कराडच्या कृष्णा विश्व विद्यापीठाचं. ते अभिमत आहे, म्हणजे पदवी स्वतःच देतं, आणि कुलगुरूंचं कार्यालय कराडातच. तिसरं सांगलीतलं भारती विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय, तेही अभिमत, पण विद्यापीठाचं मुख्यालय पुण्यात. चौथं कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. त्याच्याकडे रुग्णालय नाही, पण संख्याशास्त्र, समाजशास्त्र, जैवतंत्रज्ञान आहे.

आधी एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनात रुग्णांचं हित जपलं जातंय का हे तपासून मंजुरी देणारी समिती, कारण बऱ्याच गोष्टी तिथेच अडतात. स्वतःची समिती नेमायची तर कायदेतज्ज्ञ, समाजशास्त्र जाणणारा, वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा सामान्य माणूस, एक महिला, आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा. औषध चाचण्यांसाठी किमान सात सदस्य आणि त्यातले निम्मे बाहेरचे असावे लागतात. वकील आणि निवृत्त प्राध्यापक तालुक्यात मिळतात, पण औषधशास्त्राचा जाणकार शोधायला जिल्ह्याच्या ठिकाणीच यावं लागतं. म्हणजे समिती दुसऱ्याची वापरायची.

नव्या औषधाची चाचणी असेल तर 2019 च्या नियमांनुसार दुसऱ्याची समिती त्याच शहरातली किंवा चाचणीच्या ठिकाणापासून 50 किलोमीटरच्या परिघातली लागते. नकाशा काढून बघा. वाळवा तालुक्याला कराड आणि सांगली दोन्ही जवळ. पाटण कराडच्या परिघात येतं. विटा कराडपासून आरामात आत, सांगलीपासून जेमतेम. जत आणि आटपाडी मात्र सरळ रेषेत मोजूनही सांगली-मिरजेच्या बाहेर पडतात, आणि माण तालुक्यातलं दहिवडी साताऱ्याच्या. औषध चाचण्यांमध्ये चांगला पैसा असतो असं ऐकून जतच्या एखाद्या ट्रस्टनं तयारी सुरू केली असेल, तर हा आकडा त्यांना पहिल्या बैठकीतच कळलेला बरा.

बहुतेक छोट्या रुग्णालयांचा अभ्यास असा नसतोच. मधुमेही नियमित गोळ्या घेतात का, सर्पदंशाचा रुग्ण किती तासांनी पोचतो, असे ते प्रश्न असतात. हे जैववैद्यकीय आणि आरोग्य संशोधनात मोडतं. अशा अभ्यासांची समिती केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली असावी लागते, आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं करार करून दुसऱ्या संस्थेची समिती वापरू देतात. भारती विद्यापीठासारख्या अनेक गावांत पसरलेल्या संस्थेला एक साधा प्रश्न विचारा: आमचा प्रस्ताव सांगलीत बसणाऱ्या समितीपुढे जाणार की पुण्यातल्या? फॉलोअपच्या काळात काही घडलं तर त्या उत्तराची किंमत कळेल.

आता वेळापत्रक. माझ्या मते सगळ्यात कमी विचार याचाच होतो. वैद्यकीय महाविद्यालयाशी करार म्हणजे प्रत्यक्षात एमडीच्या विद्यार्थ्याचा थेसिस. तीन वर्षांचा अभ्यासक्रम. सुरुवातीचे महिने सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा) आणि समितीत जातात, थेसिस अंतिम परीक्षेच्या किमान सहा महिने आधी जमा करावा लागतो. मधे माहिती गोळा करायला साधारण दीड वर्ष उरतं. मग विद्यार्थी पास होऊन जातो, गाइडला, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकाला, नवा विद्यार्थी आणि नवा विषय मिळतो.

ऊसतोड कामगारांचा अभ्यास घ्या. टोळ्या दिवाळीच्या सुमारास येतात, कारखाने मार्च-एप्रिलपर्यंत चालतात. समितीची मंजुरी जानेवारीत आली तर अर्धा हंगाम गेला आणि थेसिसमध्ये पूर्ण हंगाम एकच सापडतो. विटा-आटपाडीकडचे गलाई कारागीर, म्हणजे सोन्या-चांदीची आटणी करायला देशभर पांगलेले आपले लोक, त्यांच्या फुप्फुसांचा किंवा रक्तातल्या शिशाचा अभ्यास करायचा म्हटलं तर ते गावात सापडणार यात्रेला आणि दिवाळीला. वर्षातून दोनदा, तेही पाहुण्यांच्या गर्दीत. हा विषय थेसिसच्या मापात बसत नाही. इथे पगारी संशोधन सहायक देणारं, तीन-चार वर्षांचा प्रकल्प विद्यापीठाच्या पातळीवर मंजूर करणारं भागीदार लागतं. निर्णय घेणारा माणूस कराडातच बसतो, हा कृष्णा विश्व विद्यापीठाचा फायदा अशा वेळी खरा उपयोगी पडतो. शासकीय महाविद्यालयात प्राध्यापकाची बदली हा कायमचा धोका. म्हणून मिरजेशी करार करताना तो व्यक्तीशी न करता विभागाशी करावा, आणि सहसंशोधक म्हणून त्या विभागातल्या दुसऱ्या एकाचं नाव पहिल्या दिवसापासून घालावं.

याउलट एकदाच करायचं सर्वेक्षण असेल, जुन्या केसपेपरांतून माहिती काढायची असेल, तर थेसिसइतकं स्वस्त आणि शिस्तीचं दुसरं काही नाही. गाइडला शोधनिबंध हवा असतो, विद्यार्थ्याला पदवी आणि तुम्हाला उत्तर. तिघांची गरज जुळते. शासकीय महाविद्यालयात रुग्णांची संख्याही भरपूर असते, त्यामुळे तुलनेसाठी दुसरा गट तिथेच मिळतो.

मिरजेचं कॉलेज सरकारी, म्हणजे आशाताई आणि पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्रं) आपोआप सोबत येतील, असं पुष्कळ जण गृहीत धरतात. तसं नाही. महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं, पीएचसी जिल्हा परिषदेच्या, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. आशाताईंकडून घरोघरी माहिती घ्यायची तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी वेगळी, मग भागीदार कुणीही असो. या बाबतीत मिरज आणि कराड एकाच रांगेत उभे आहेत. फरक इतकाच, की पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करणं आता सक्तीचं आहे, आणि तिथे नेमलेला विद्यार्थी तुमच्या विषयावरचा असेल तर बऱ्याच ओळखी आयत्या होतात.

शिवाजी विद्यापीठाला लोक यादीत शेवटी धरतात. मी तसं करणार नाही. नमुना किती घ्यायचा, प्रश्नावली मराठीत कशी लिहायची, आकडे कसे वाचायचे, यासाठी संख्याशास्त्राचा माणूस लागतो आणि तो वैद्यकीय महाविद्यालयात नेहमीच मोकळा नसतो. एकट्या शिवाजी विद्यापीठाशी करार करून रुग्णांवरचं संशोधन होणार नाही, समिती आणि क्लिनिकल जबाबदारी कुणीतरी दुसऱ्यानं घ्यावी लागेल. पण तिसरा हात म्हणून घ्याच.

पैशाबद्दल थोडक्यात. परदेशी निधी येणार असेल तर सावध. परदेशी देणगी कायद्यातल्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळती करता येत नाही, दुसरीकडे एफसीआरए नोंदणी असली तरी. ‘विद्यापीठाला आले की तुमचा वाटा देऊ’ असं कुणी तोंडी म्हणालं तर आधी सीएला विचारा. शिवाय परदेशी संस्था सहभागी असलेल्या संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. ते महिनेही वेळापत्रकात धरा.

करारात मी तीन कलमांवर अडून बसेन. मूळ नोंदवही आणि संमतीपत्रकं तुमच्याच रुग्णालयात, विद्यापीठाकडे जाईल ती नावं काढलेली प्रत. शोधनिबंधावर तुमच्या डॉक्टरांचं नाव. पण नुसती माहिती गोळा केली म्हणून लेखकपद मिळत नाही, त्यामुळे आराखडा आखताना आणि मसुदा लिहिताना ते बसलेले असले पाहिजेत, हेही लिहून घ्या. आणि अभ्यासामुळे रुग्णाला काही झालं तर उपचाराचा खर्च कुणाचा. औषध चाचणीत गंभीर दुष्परिणाम 24 तासांत कळवावा लागतो. रात्री अकराला फोन कोण करणार त्याचं नाव करारात हवं.

तर, जुन्या केसपेपरांचा किंवा एका हंगामाचा प्रश्न असेल आणि तुम्ही मिरज-तासगाव-कवठे महांकाळ पट्ट्यात असाल, तर मिरज. तीन वर्षं रुग्णांच्या मागे राहायचं असेल आणि गाव वाळवा, पाटण किंवा खानापूर तालुक्यात असेल, तर कराड. सांगली शहरालगत असाल तर भारती विद्यापीठाशी बोला, समितीचा प्रश्न विचारून. जत, आटपाडी, माण इथल्या रुग्णालयांनी औषध चाचणीचा विचार तूर्त सोडून निरीक्षणात्मक अभ्यास घ्यावा आणि अंतरापेक्षा गाइड बघावा: जो महिन्यातून एकदा स्वतः गाडी काढून तुमच्या ओपीडीत येऊन बसायला तयार आहे, तो. ऊसतोडीचा विषय असेल तर कागद जूनमध्येच समितीकडे गेलेले असू द्या.