फिकट पिस्ता की राखाडी हिरवा?

भिंतीच्या रंगांच्या शेडकार्डवर (दुकानातल्या नमुन्यांच्या पत्रिकेवर) हे दोन रंग जवळजवळ सारखे वाटतात. मात्र पिस्त्यात पिवळा जास्त असतो, तर राखाडी हिरव्यात (दुकानात 'सेज' मागा) काळ्याची झाक असते. भिंतीवर चढले की दोघांचं वागणं बदलतं, आणि आपल्या खान्देशात तर ते ऊनच ठरवतं.

खोली पश्चिमेची असेल तर मी राखाडी हिरवाच घ्या म्हणेन. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि दुपारनंतरचं पिवळं-केशरी ऊन सरळ भिंतीवर येतं. त्या उन्हात पिस्ता लिंबासारखा पिवळा दिसायला लागतो. आधीच उकाडा, त्यात भिंत डोळ्यांवर येते. राखाडी हिरवा त्याच उन्हात निवांत हिरवा राहतो. खिडकीबाहेर केळीचा बाग असेल, रावेर-यावलकडे असतोच, तर पानांवरून येणारा हिरवा उजेड त्याला आणखी खुलवतो.

उत्तरेची खोली किंवा धाब्याच्या घरातलं एकाच खिडकीचं माजघर असेल तर पिस्ता. तिथे उजेड कमी आणि थंड, त्यात राखाडी हिरवा पावसाळ्यात थेट सिमेंटसारखा दिसतो. सागाच्या जुन्या तुळयांशी तो फार देखणा जुळतो, हे खरं. पण दिवसाही दिवा लावावा लागत असेल तर तो मोह टाळा.

दिव्यांचंही पाहा. ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेड किती पिवळा वा पांढरा ते सांगणारा आकडा) पांढऱ्या एलईडीत राखाडी हिरवा निळसर पडतो, ३००० च्या पिवळ्या दिव्यात पिस्ता पिवळा होतो. ४००० दोघांनाही चालतो.

काळ्या मातीची धूळ आणि हाताचे डाग पिस्त्यावर लवकर उठून दिसतात. कूलरच्या खिडकीखालचे पाण्याचे ओघळ दोन्हींवर दिसतात, त्या भिंतीला तरी धुता येणारं इमल्शन लावा.

शेडकार्डावर विसंबू नका. लहान डबा आणून पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, वाळू द्या आणि तो पुठ्ठा प्रत्येक भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिव्यात बघा. जुन्या रंगावरच नमुना लावला तर नजर फसते: निळ्या भिंतीवर कुठलाही हिरवा जास्त पिवळा वाटतो. चारही भिंती रंगल्या की त्यांचा उजेड एकमेकींवर पडून रंग गडद भासतो, म्हणून दोन छटांत अडकलात तर फिकी घ्या. आणि शेडचा नंबर लिहून ठेवून सगळे डबे एकदमच मशीनवर मिसळून घ्या.